ब्रेकची चार ताटं

खोलणं आणि जोडणं, या दोन कामांत माझा हात धरणारा माणूस अख्ख्या सोलापुरात नाही, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो. घरातला मिक्सर मी तीनदा खोलून जोडलाय. भिंतीवरचं घड्याळ एकदा. इस्त्री दोनदा! आता मिक्सर फक्त दोन नंबरवरच चालतो आणि इस्त्रीला हात लावायच्या आधी बायको पायात रबरी चपला घालते, ही गोष्ट वेगळी. पण चालतात की नाही? चालतात!

तेव्हा अण्णांच्या फियाटचे ब्रेक जोडणं म्हणजे माझ्या दृष्टीनं जेवणानंतरची बडीशेप होती.

अण्णा म्हणजे माझे वडील. गिरणीत स्टोअरकीपर होते. चौसष्ट सालची ही गडद हिरवी फियाट त्यांनी एका डॉक्टरांकडून जुनी घेतली आणि तिच्यावर पोटच्या पोरापेक्षा जास्त माया केली. पोटचं पोर मीच असल्यामुळे हे मी खात्रीनं सांगू शकतो. ते गेल्यावर गाडी अकरा वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मागच्या दिवाळीत मी ठरवलं, ही पुन्हा रस्त्यावर आणायची. आणि ज्यांच्या जिवावर ठरवलं, ते होते धुळाप्पा.

धुळाप्पा मूळचे वळसंगचे. आमच्या कॉलनीच्या उतारानं खाली गेलं की अक्कलकोट रोडला त्यांचं पत्र्याचं गॅरेज. वय सत्तरीच्या पुढं. चाळीस वर्षं इंजिनांना कान लावून लावून त्यांचे कान पार गेलेले. मी लहान असताना दर रविवारी अण्णा आणि धुळाप्पा गाडीखाली शिरायचे. बाहेर फक्त चार पाय. मी अण्णांना तोंडापेक्षा पायांवरूनच जास्त ओळखायचो!

तर या धुळाप्पांनी सात महिने खपून फियाटचं इंजिन केलं. असं केलं, की बोनेटवर चहाचा कप ठेवला तर चहा हलू नये. मग रंगासाठी गाडी घरी आणली. राहिले फक्त ब्रेक. आणि नेमकं त्याच वेळी धुळाप्पांना गुडघ्यात इंजेक्शन दिलं.

"धा-पंधरा दीस खाली वाकाय न्हाय म्हनलाय डॉक्टर," ते म्हणाले. "दम धरा की जरा. ब्रेक मी करतो."

पण मला दम नव्हता! पुढच्याच रविवारी शहरात जुन्या गाड्यांचा मेळावा होता. आणि मी ऑफिसात सगळ्यांना सांगून बसलो होतो, की गाडीचा नट न् नट मी स्वतः पिळलाय. आता एवढं सांगितल्यावर एखादा तरी नट पिळायला नको?

"धुळाप्पा, ब्रेकात काय एवढं? मी बघतो की!"

"बगतो म्हंजे?"

"म्हणजे करतो. हल्ली सगळं मोबाईलवर असतं. माणूस दाखवतो, आपण करायचं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सर्जननं कंपाउंडरकडे पाहावं. मग म्हणाले, "बरं. करा. पर एक ऐका. एका येळी एकच चाक खोला. त्ये जोडलं की मग दुसरं. आडलं तर दुसऱ्या चाकात बगायचं, कुटं काय हाय त्ये."

यावर गप्प बसायला मला काय झालं होतं? पण नाही! मी म्हणालो, "धुळाप्पा, तुमचा काळ वेगळा होता."

हे वाक्य त्यांना बरोबर ऐकू आलं. चाळीस वर्षांत माझी निम्मी वाक्यं त्यांना ऐकू आली नसतील, पण हे आलं. त्यांनी हातातला पान्हा पुसला, खिळ्याला अडकवला आणि आत गेले. मी मात्र शीळ घालत घरी आलो. आज आठवलं तरी ती शीळ कानात टोचते.

शुक्रवारी रजा टाकली आणि चारही चाकं एका दमात खोलली! वेळ वाचतो. प्रत्येक चाकातून निघालं काय, तर दोन शू, म्हणजे आतून घासणाऱ्या पट्ट्या, दोन-तीन स्प्रिंगा, सिलिंडर, त्याच्या पोटातले पिस्टन आणि रबराच्या छोट्या वाट्या. मी पद्धतशीर माणूस. स्वयंपाकघरातून स्टीलची चार ताटं आणली. एका चाकाचं एक ताट. प्रत्येक तुकडा ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं मांडला. वर मोबाईलवर फोटोही काढले. चारी ताटं ओट्यावर ठेवून मी रॉकेल आणायला बाहेर पडलो.

परत आलो तर बनाबाई ओट्यापाशी कमरेवर हात ठेवून उभ्या. बनाबाई आमच्याकडे पंधरा वर्षं धुण्याभांड्याला येतात. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की मला धोक्याची घंटा ऐकू यायला हवी होती.

"बगा सायेब! लई घान झाली हुती तुमची भांडी. चकाचक केली की न्हाय?"

ताटं चकाचक होती. रिकामी होती! आणि सगळे सुटे भाग साबणानं धुऊन, पुसून, एका फडक्यावर मांडलेले. सगळ्यात लांब स्प्रिंग डावीकडे, सगळ्यात लहान उजवीकडे. रबराच्या वाट्या एकात एक घालून. चार चाकांचं एक सुंदर संयुक्त कुटुंब!

"बनाबाई, अहो, कुठलं कुठल्या चाकाचं होतं ते!"

"आँ? चाकंबी येगयेगळी असत्यात व्हय? सगळी गोलच की!"

मी फोटो उघडले. अठरा फोटो होते. अठराही फोटोंत माझा अंगठा अतिशय स्पष्ट आला होता.

महानंदा, म्हणजे माझी बायको, ऑफिसातून आली. तिनं फडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सासूबाईंनी अभिमन्यू नाव अगदी विचार करून ठेवलंय. आत शिरता येतं, बाहेर यायचं माहीत नाही. धुळाप्पांना फोन लावू?"

"खबरदार!" मी म्हणालो.

शनिवारी मी जोडायला बसलो. मोबाईलमधला माणूस कुठल्या तरी परदेशी गाडीचा ब्रेक सहा मिनिटांत जोडत होता. मला एका चाकाला अडीच तास लागले. स्प्रिंग ताणून आकड्यात अडकवायची असते. ती अडकत नाही, ती उडते! एक तुळशीत पडली, एक माझ्या कपाळावर. रबराच्या वाट्यांचं तोंड कुठल्या बाजूला, हे काही केल्या आठवेना. दुसऱ्या चाकात बघावं, तर दुसरं चाकही उघडंच! मग मी विचार केला, वाटी कुठंही गेली तरी तोंड वर करून, म्हणजे आपल्याकडे करूनच ठेवतात. जेवणाच्या ताटातही तसंच असतं. बसवल्या! हॅन्डब्रेकची तार तेवढी कुठं अडकवायची ते कळेना. ती नंतर बघू म्हणून बांधून ठेवली.

संध्याकाळी राहिलं फक्त नळ्यांमधली हवा काढणं. याला दोन माणसं लागतात. एकानं आत बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी बोल्ट सैल करून तेलाबरोबर हवा जाऊ द्यायची, बोल्ट आवळायचा, मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं, की हवा पुन्हा आत! मी महानंदाला सीटवर बसवलं आणि चाकापाशी आडवा झालो.

"दाब!"

"दाबलं!"

"आता मी सांगेपर्यंत सोडायचं नाही!"

"नाही सोडत!"

पहिलं चाक झकास झालं. दुसऱ्याला तिचा मोबाईल वाजला. बार्शीची मेहुणी, म्हणजे तिची ताई.

"दाब!"

"दाबलं! ... अगं, तुला नाही, यांना म्हटलं. बोल."

"धरून ठेव!"

"सोड गं! सरळ सोड! कशाला ओढत बसतेस?"

"तू सोडलंस का?"

"मी कशाला सोडू? तीच सोडत नाहीये!"

"कोण ती?"

"ताई! योगाचा क्लास!"

गाडीखालून मला तिचा पाय दिसत नव्हता. पण महानंदा ठासून बोलते तेव्हा सगळ्या अंगानं बोलते. दर 'सोड'ला तिचा पाय वर गेला असणार, हे मला आता कळतंय. तेव्हा कळलं ते एवढंच, की चारी चाकं झाल्यावर मी पेडल दोनतीनदा दाबलं आणि ते कडक लागलं. "झालं!" मी ओरडलो. "पुस्तकातल्यासारखे ब्रेक झाले!"

रविवारी सकाळी साडेआठला मी फियाट बाहेर काढली. सोबत शेजारचा मल्लेश. त्याचा टॉवेलचा कारखाना आहे आणि कुठल्याही शुभकार्याला तो आपणहून पुढच्या सीटवर बसतो. महानंदा फाटकात उभी होती. म्हणाली, "खाली रोडपर्यंतच जा. धुळाप्पांकडे थांबाच हं."

"बघू," मी म्हणालो. मेळाव्यात टाळ्या कशा वाजतील, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

फाटकापाशी ब्रेक लागला. पहिल्या वळणावर लागला. दुसऱ्या वळणावर मी पेडल दाबलं, तर ते लोण्यात सुरी जावी तसं खाली गेलं आणि वर यायचं नावच घेईना!

"मल्लेश," मी शांतपणे म्हणालो, "ब्रेक लागत नाहीये."

"काय चेष्टा करता साहेब!"

मी पुन्हा दाबलं. पुन्हा लोणी. समोर कॉलनीचा उतार. मी हॅन्डब्रेक खेचला. तो अख्खा माझ्या हातात वर आला, बांधून ठेवलेल्या तारेसकट!

आता तुम्हाला वाटेल, गाडी बाणासारखी सुटली असेल. नाही हो! दुसऱ्या गिअरमध्ये ती डुगडुगत, एखाद्या सुखी म्हशीसारखी चालली होती. शेजारून सायकलवर दूधवाला पुढं निघून गेला! पण थांबत नव्हती. आणि हळू जात असल्यामुळे सगळ्या कॉलनीला आमच्याशी बोलायला भरपूर वेळ मिळत होता.

मल्लेशची आई सुंदरम्मा ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी हात केला. "थांब रे अभिमन्यू, मला देवळापर्यंत सोड की!"

"थांबत नाही, अम्मा!"

"थांबत नाही? जुनी गाडी रंगवली तर एवढा माज?"

"अम्मा, ब्रेक लेदु! लेदु!" मल्लेश खिडकीतून तेलुगूत 'नाही, नाही' म्हणून ओरडला. पण एव्हाना आम्ही पुढं सरकलो होतो आणि अम्मांनी आमच्याकडे पाठ फिरवली होती.

पुढं कॉलनीचे अध्यक्ष भाजी घेऊन येत होते. "वा! मेळाव्याला का? जरा थांबा, एक फोटो घेतो!"

"बाजूला व्हा!"

"अहो, फोटो..."

"सरका! सरका!"

ते सरकले. पण त्या दिवसापासून ते मला ओळख दाखवत नाहीत.

उतार संपता संपता धुळाप्पांचं गॅरेज आलं. आणि धुळाप्पा रस्त्याच्या कडेला उभे होते. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला फेटा. मी त्यांना आयुष्यात कधी तेलाच्या डागाशिवाय पाहिलं नव्हतं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात झेंडूचा हार. दुखरा गुडघा सावरत ते दोन पावलं रस्त्यात आले आणि हसले.

"बाजूला व्हा!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "धुळाप्पा, बाजूला!"

मल्लेश दोन्ही हात हलवून वाचवा वाचवा म्हणत होता. लांबून ते टाटा केल्यासारखं दिसत होतं. धुळाप्पांचा हात हारासकट अर्धा वर गेला होता, तो तसाच राहिला. ते मागं सरले. आम्ही त्यांच्या पुढ्यातून डुगडुगत निघून गेलो. आरशात ते दिसत होते. हळूच खाली वाकून त्यांनी हार दगडावर ठेवला. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

पन्नास पावलांवर एका घराचं बांधकाम चालू होतं. मी गाडी सरळ वाळूच्या ढिगात घातली. फस्स! बंपर आत, एक दिवा आत, आणि बंद पडलेल्या इंजिनाची शांतता.

मल्लेशनं डोळे उघडले. तोंडातली वाळू थुंकली. मग म्हणाला, "साहेब, एक विचारू? किल्ली बंद केली असती तर?"

मी किल्लीकडे पाहिलं. किल्ली माझ्याकडे पाहत होती. गाडी गिअरमध्ये होती. इंजिन बंद केलं असतं तर दहा पावलांत थांबली असती. सुंदरम्मांच्या ओट्यासमोरच थांबली असती!

लोक जमले. मी मागं वळून पाहिलं तर गॅरेजचा दरवाजा ओढलेला. वाटलं, धुळाप्पांना आवाज ऐकू आला नसेल, चहाला गेले असतील. ट्रॅक्टरनं गाडी ओढून घरी आणली. मेळावा गेला. महानंदा मला काही लागलंय का ते बघत होती. एकदम तिनं विचारलं, "धुळाप्पा नाही आले बरोबर?"

"ते कशाला येतील? हार घेऊन उभे होते. कुणी सांगितलं त्यांना कोण जाणे!"

"मी सांगितलं," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही अंघोळीत असताना फोन केला, अगदी ओरडून. म्हटलं, यांच्या मनात आहे, गाडी आधी तुमच्याकडे आणायची, ब्रेक तुम्ही एकदा बघायचे, नारळ तुमच्याच हातानं फोडायचा. तुम्ही कधी म्हणाला नसतात, म्हणून मीच म्हटलं."

मी त्या दिवशी जेवलो नाही. कपाळाला स्प्रिंग लागलीय म्हणून सांगितलं.

सोमवारी गॅरेजवर गेलो. कुलूप. शेजारचा चहावाला म्हणाला, "म्हातारं काल दुपारीच सामान टेम्पोत घालून गावाला गेलं. आता न्हाय येणार म्हनलं."

मी स्कूटर काढली आणि वळसंगला गेलो. अंगणात धुळाप्पांची बायको केराबाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. एरवी कानडीत "बर्री, बर्री", म्हणजे या, या, करत हाताला धरून घरात नेणारी बाई. आज सूप खाली ठेवलं नाही.

"थांबलासा व्हय हितं? आमाला वाटलं, जाशीला तसंच म्होरं."

त्या पाखडता पाखडता बोलत राहिल्या. "दोन वरसं झाली, पोरं म्हनत्यात दुकान बंद करा. ह्ये म्हनायचं, अण्णाची गाडी तेवढी हुंदे. त्या गाडीपायी दुकान ठिवलं हुतं. फेटा काल पेटीतनं काडला. लेकीच्या लग्नानंतर काल बांदला."

धुळाप्पा मागच्या बाजूला शेरडांना पाला टाकत होते. मी जवळ जाऊन ओरडून सगळं सांगितलं. ब्रेक, उतार, वाळू, किल्ली, सगळं. शेरडंसुद्धा खायची थांबली. ते ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. शेवटी म्हणाले, "रबराची वाटी. तोंड कुनीकडं केलंसा?"

"बाहेर."

"आत पायजे. त्येलाकडं. त्येल दाबतंय, तवा कड फाकतीया आन् धरून ठिवती. तुमी उलटं घातलं, सगळं त्येल भाईर." हातातला पाला टाकून म्हणाले, "मला वाटलं, सायेब हाय मोठा, गाडी झाली, आता काय काम."

"माफ करा," मी म्हणालो. हे मात्र मी हळू म्हणालो. त्यांना ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. दुसऱ्यांदा मोठ्यानं म्हणायचं धाडस झालं नाही. ते मी अजून मनात म्हणतो.

गुरुवारी ते पहिल्या बसनं आले. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि सगळं माझ्याकडून करून घेतलं. एका वेळी एकच चाक! प्रत्येक वाटी मी त्यांना दाखवायची, त्यांनी मान हलवायची, मग घालायची. महानंदा पेडलवर, मोबाईल बनाबाईंच्या ताब्यात. संध्याकाळी त्यांनी स्वतः गाडी फाटकापर्यंत नेली, ब्रेक लावला, मागं आणली, ब्रेक लावला. उतरून हात पुसले.

"चला, तुम्हाला वळसंगला गाडीनं सोडतो," मी म्हणालो. "आणि दुकान परत उघडा की, धुळाप्पा."

"तितं आता मोबायलची कवरं इकणारं येतंय पयल्या तारखेला. आन् सोडू नगा. बस हाय की." आणि ते चालत रोडकडे गेले. मी फाटकात उभा राहून बघत होतो. त्यांनी मागं पाहिलं नाही. तसं कधीच पाहत नसतील. पण पूर्वी मी बघत नव्हतो.

गाडी आता उत्तम चालते. पेडलवर नुसता पाय ठेवला की जागच्या जागी उभी राहते. मागच्या आठवड्यात पेट्रोल पंपावर बार्शीचे एक गृहस्थ भेटले. त्यांच्याकडेही अशीच जुनी फियाट आहे. त्यांनी माझी गाडी फिरवून पाहिली, ब्रेक लावला आणि खूषच झाले.

"काय ब्रेक आहेत हो! कुणी केले?"

"धुळाप्पांनी."

"पत्ता द्या ना. माझी गाडी त्यांच्याकडेच टाकतो."

"दुकान बंद केलं त्यांनी."

"अरेरे! एवढा कसबी माणूस! का हो बंद केलं?"

मी घड्याळात पाहिलं, टायरची हवा तपासायचीय म्हणालो, आणि पंपाच्या पार दुसऱ्या टोकाला निघून गेलो. टायर चारी ठीक होते.